तुम्ही बोला, मी चालते

४ मार्च

वहिनी,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "कशी झाली परीक्षा?" मी म्हणालो, "बरी." तुम्ही विचारलंत, "निकाल कधी?" मी म्हणालो, "लागला." तुम्ही म्हणालात, "मग?" मी म्हणालो, "हं." तेवढ्यात कुठलीशी बस फलाटाला लागली आणि तुम्ही माईककडे धावलात. म्हणून हे पत्र. कागदावर माझं तोंड उघडतं, हे तुम्हाला माहीत आहे.

नापास झालो. म्हणजे इंग्रजी वाचण्यात साडेसात, लिहिण्यात सात, ऐकण्यात आठ. बोलण्यात पाच. प्रत्येकात सात हवेत.

एका खोलीत टेबलापलीकडे परीक्षक बसलेले असतात. ते एक कार्ड देतात. त्यावरच्या विषयावर एक मिनिट विचार करायचा आणि दोन मिनिटं बोलायचं. माझा विषय होता, तुमचा एक मित्र. मी म्हणालो, माझा मित्र चांगला आहे. तो उंच आहे. मग जरा थांबून म्हणालो, तो खूप उंच आहे. त्यानंतर मला टेबलावरचं घड्याळ ऐकू येत होतं. परीक्षक बिचारे मान हलवून धीर देत होते, पण मित्राला मी आणखी किती उंच करणार?

हसा, पण मला ती परदेशातली नोकरी हवी आहे. आमच्या वर्कशॉपमध्ये सात वर्षांची एक मुलगी येते. तिच्यासाठी तीन वर्षांत मी तीन कृत्रिम पाय केले, कारण ती वाढते आणि पाय वाढत नाही. दर वेळी जुना पाय सोडताना रडते, कारण त्यावर तिने चिकटवलेली चित्रं असतात. तिकडच्या केंद्रात मुलांसाठी असा पाय करतात, जो आतली नळी सरकवून लांब करता येतो. दोन वर्षं मला ते शिकायला मिळेल. माझं काम त्यांनी पाहिलं, पसंत केलं. घोडं अडलंय ते तोंडाशी. मे महिन्यात पुन्हा बसतोय.

दादाला एवढंच सांगा की थोडक्यात हुकलं.

तुमचा, कागदावरच बोलका,
दीर


११ मार्च

भावजी,

पत्र वाचून आधी हसले, मग हसल्याची लाज वाटली, मग पुन्हा हसले. त्या मित्राला अजून एक मिनिट दिलं असतंत तर त्याचं डोकं छताला लागलं असतं.

आता माझं ऐका. बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत माईकपुढे बसून मला बावीस वर्षं झाली. पहिल्या दिवशी माझीही वाचा बसली होती. फलाट चारची बस सुटायला आली आणि मी बटण दाबून नुसता श्वास घेत होते. सगळ्या स्थानकाला माझा श्वास ऐकू गेला. एका माणसाने तर वर बघून विचारलं, "ताई, बरं वाटत नाही का?" तेव्हा आमचे साहेब कानाशी येऊन म्हणाले, "सगळ्यांशी बोलू नका. त्या निळी पिशवी घेतलेल्या आजोबांशी बोला. तुम्ही गप्प राहिलात तर त्यांची बस चुकेल." झालं! आजोबांच्या काळजीने मी जी सुरू झाले ती अजून थांबलेली नाही, हे तुमचे दादा तुम्हाला सांगतीलच.

तर आरशासमोर बोलायचा सराव करू नका. तुम्ही थांबलात की आरसाही थांबतो. असा माणूस शोधा, ज्याचं तुमच्या बोलण्यावाचून अडेल.

दादांना सांगितलं, थोडक्यात हुकलं. ते म्हणाले, "असू दे."

तुमची वहिनी


२४ मार्च

वहिनी,

माणूस मिळाला. म्हणजे बाई मिळाल्या.

आमच्याकडच्या पेशंट आहेत. टेलिफोन ऑफिसातल्या, परदेशचे कॉल जोडायचं काम. इंग्रजी असं की ऐकत राहावं, आणि आवाज तर काय सांगू! पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी प्लास्टरचा साचा घासत होतो, तो हात तसाच थांबला. त्या नुसतं "हॅलो" म्हणाल्या तरी समोरच्याला वाटतं, आपण कुणीतरी महत्त्वाचे आहोत.

त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. नवा पाय मी जानेवारीत करून दिला. माझ्या हातून झालेल्या चांगल्या पायांपैकी एक. पण बाई तो घालून चालायला तयारच नाहीत. मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, चाकाच्या खुर्चीत बसून सगळ्यांशी गप्पा मारतात आणि जातात. पाय कपाटात.

आज सकाळी प्लास्टरच्या खोलीत मी एकटाच पुटपुटत होतो. माझी खोली लहान आहे, माझी खोली स्वच्छ आहे. दारातून आवाज आला, "आणि खूप उंच आहे का?" आमच्या फिजिओथेरपिस्टने माझी हकिकत त्यांना सांगितलेली!

मी लाल झालो. त्या म्हणाल्या, "तुम्हाला बोलायची भीती, मला पडायची. सौदा करू. तुम्ही इंग्रजीत बोला, मी चालते. तुम्ही थांबलात की मी जिथे असेन तिथे थांबणार."

चालायला शिकण्यासाठी आमच्याकडे कमरेइतके उंच दोन दांडे समांतर लावलेले आहेत. त्यांना धरून या टोकाकडून त्या टोकाला जायचं. बारा पावलं. बाईंनी पाय घातला, दांडे धरले, मी माझ्या खोलीवर बोलायला लागलो. अकरा सेकंदांत संपलं. बाई दुसऱ्या पावलावर उभ्या. "मिस्टर सायलेन्स," त्या म्हणाल्या, "आय ॲम स्टँडिंग."

दांड्यांवर त्यांच्या मुठी पांढऱ्या पडल्या होत्या. ते बघून माझ्या तोंडून जे निघेल ते निघायला लागलं. खिडकी, खिडकीखालचं पत्र्याचं छप्पर, छपरावरची मांजर, तिची तीन पिल्लं. वहिनी, आमच्याकडे मांजर नाही. पण बाई चार पावलं पुढे गेल्या होत्या.

शुक्रवारची वाट बघतोय.

तुमचा दीर


२ एप्रिल

भावजी,

पत्र मी आधी दोनदा वाचलं, मग तुमच्या दादांना वाचून दाखवलं, मग शेजारच्या काकूंना. त्यांना फक्त मधला भाग.

ज्या माणसाने सत्तावीस वर्षांत माझ्या हातच्या जेवणाला "चांगलंय" याच्यापुढे दुसरा शब्द दिला नाही, तो कुणाच्या आवाजावर एवढं लिहितो! आणि शेवटी काय, तर शुक्रवारची वाट बघतोय! अहो, मी काय आज जन्मले का?

आता सरळ लिहिते. आम्हा दोघांची काही हरकत नाही. एक पाय नाही तर नाही, तुमच्या घरात पायांना काय तोटा? तुम्ही अडतीसचे, त्याही तशाच असतील. एखाद दोन वर्षांनी मोठ्या असल्या तरी बिघडत नाही. नोकरी आहे, इंग्रजी आहे, आणि मुख्य म्हणजे तुम्हाला बोलतं करतात. आणखी काय हवं?

रविवारी बारा तारखेला आम्ही येतोय. मी रजा टाकली आहे. दादांनी नवा शर्ट शिवायला दिला. बाईंना कुठला रंग आवडतो ते कळवा, म्हणजे हातात काही घेऊन येता येईल. लाजू नका.

तुमची वहिनी


७ एप्रिल

वहिनी,

रजा रद्द करा! म्हणजे या, जरूर या, पण त्यासाठी नको.

बाई एकाहत्तर वर्षांच्या आहेत. टेलिफोन ऑफिसातून निवृत्त होऊन त्यांना तेरा वर्षं झाली. तीन नातवंडं आहेत आणि थोरला नातू मिशी ठेवतो. वय लिहायचं माझ्याकडून राहिलं, कारण आवाजाला वय नाही.

पण तुमच्या पत्राने काय केलं ते ऐका. आज मंगळवार. बाई दांड्यांपाशी आल्या आणि माझ्या सरावाच्या गठ्ठ्यातून कार्ड काढलं, तर विषय निघाला, तुम्ही अनुभवलेला एखादा गैरसमज. तुमचं पत्र माझ्या खिशात होतं. मी विचार करायचं एक मिनिटसुद्धा घेतलं नाही. माझ्या वहिनीने तुम्हाला मागणी घातली आहे, इथून सुरुवात केली. शेजारच्या काकू सांगितल्या, दादाचा शर्ट सांगितला, पायांना काय तोटा हे वाक्य इंग्रजीत कसंबसं बसवलं. बाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायला त्यांनी एक हात सोडला. मग दुसरा सोडला. मी बोलतच होतो. आणि बघतो तर त्या पलीकडच्या टोकाला पोचलेल्या, दोन्ही हातांत रुमाल!

फिजिओथेरपिस्टने घड्याळ दाखवलं. दोन मिनिटं वीस सेकंद.

बाईंनी तुम्हाला निरोप दिलाय. म्हणतात, मागणीबद्दल आभारी आहे, पण मुलगा फार कमी बोलतो.

तुमचा दीर


१४ एप्रिल

भावजी,

माझं तोंड मी तीन दिवस पदरात लपवून होते. काकूंना काय सांगू तेच कळेना. शेवटी सांगितलं, पत्रिका जुळली नाही. रजा साहेबांनी हसत हसत परत घेतली, पण स्थानकावर आता सगळे मला "एकाहत्तर" म्हणतात. दादांचा शर्ट शिवून आला आहे, छान बसलाय. त्या बाईंना सांगा, मुलगा कमी बोलतो हे खरं, पण निवड आमची चुकली नव्हती.

आता एक गोष्ट लिहिते, जी लिहायची की नाही याचा मी महिनाभर विचार करतेय. मार्चमध्ये तुम्ही नापास झाल्याचं मी दादांना सांगितलं, तेव्हा ते "असू दे" म्हणाले असं मी लिहिलं होतं. ते खरं आहे. पण पुढचं मी लिहिलं नाही. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले. जेवताना गुणगुणत होते.

त्यांना तुमचं वाईट व्हावंसं वाटत नाही हो. तुम्ही त्यांना माझ्याहून जास्त ओळखता. पण तुम्ही समुद्रापलीकडे एकटे असाल, तिथे कुणी काही विचारलं तर तुम्ही "हं" म्हणाल आणि उपाशी राहाल, असं त्यांच्या मनात घट्ट बसलं आहे. बोलून दाखवत नाहीत, पण मला दिसतं.

रागावू नका. दोघांवरही.

तुमची वहिनी


६ मे

वहिनी,

तीन आठवडे पत्र नाही म्हणून तुम्ही दोनदा फोन केलात आणि मी दोन्ही वेळा "कामात होतो" म्हणालो. कामात नव्हतो. तुमचं पत्र वाचल्यावर माझी जीभ पुन्हा जड झाली. कार्ड हातात घ्यायचो आणि दादाचं गुणगुणणं ऐकू यायचं.

तरी बाई सोडेनात. गेल्या शुक्रवारी कार्ड निघालं, तुम्हाला मदत करणारी एक व्यक्ती. मी दादावर सुरू केलं. शाळेत नाव विचारलं की तो सांगायचा. दुकानात तो म्हणायचा, याला लाल पेन्सिल हवी. डॉक्टरांकडे तो म्हणायचा, याचं पोट दुखतंय, इथे, बेंबीच्या डाव्या बाजूला. आणि वहिनी, तो कधी चुकायचा नाही! मला लालच पेन्सिल हवी असायची. एवढं सांगितलं आणि माझा आवाजच गेला. बाई सातव्या पावलावर होत्या.

मला वाटलं, आता म्हणतील, आय ॲम स्टँडिंग. तसं झालं नाही. दांडे धरून त्या उभ्या राहिल्या. आणि आपल्या भाषेत म्हणाल्या, "मी तीस वर्षं कॉल जोडले. लोक महिनोन्‌महिने वाट बघायचे, मग लाइन लागायची, आणि इकडून आई 'हॅलो' म्हणायची, तिकडून मुलगा 'हॅलो' म्हणायचा, आणि पुढे तीन मिनिटं दोघंही गप्प. मला मध्येच ओरडावंसं वाटायचं, अरे बोला! पण आम्हाला परवानगी नव्हती." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता मी निवृत्त आहे. अरे, बोला!"

मी त्यांना शेवटपर्यंत नेलं. काय बोललो ते आठवत नाही, पण नेलं.

परीक्षा सोळा तारखेला आहे. हे पत्र दादाने वाचलं तरी चालेल. खरं तर वाचावंच.

तुमचा दीर


११ मे

चिरंजीव,

तुझ्या वहिनीने तुझं पत्र माझ्या पुढ्यात ठेवलं आणि स्वतः कामावर निघून गेली. मला पत्रं लिहायची सवय नाही, मी आपला तोंडाने बोलणारा माणूस. चुकलं तर समजून घे.

तिने तुला काय कळवलं होतं तेही जाताना सांगितलं. दोन घास जास्त जेवलो, हे खरं आहे. गुणगुणलो असेन, मला आठवत नाही.

तू तीन वर्षांचा होईतो बोलला नाहीस. आई काळजीत असायची. ती तुला काही विचारायची, तू माझ्याकडे बघायचास, आणि मला कळायचं. मी सांगायचो आणि तू मान हलवायचास. घरात सगळे म्हणायचे, थोरला हुशार आहे, धाकट्याच्या मनातलं ओळखतो. मला ते फार आवडायचं. पुढे तू बोलायला लागलास तरी मी सांगतच राहिलो. तुला बोलायला जागा ठेवली नाही, हे तुझं पत्र वाचून पहिल्यांदा लक्षात आलं. तू तसं लिहिलेलं नाहीस. तू तर कौतुकच केलं आहेस. म्हणून जास्त लागलं.

तिकडे मी नसेन. तुला जे हवं ते तू माग. लाल हवी तर लाल माग, आणि निळी दिली तर परत कर.

सोळाला परीक्षेला जाताना पोटभर खाऊन जा.

दादा

ता. क. त्या बाईंना माझा नमस्कार. नवा शर्ट घालून येणार होतो, तो योग हुकला.


१७ मे

दादा, वहिनी,

दोघांना मिळून एकच पत्र.

पोटभर खाऊन गेलो. बाहेरच्या बाकावर आठ जण बसले होते आणि आठही जण भिंतीकडे बघून ओठ हलवत होते. या वेळी परीक्षक एक बाई होत्या, जाड चष्म्याच्या, सर्दी झालेल्या. नाव, गाव, काम झालं. कामावर मी जरा जास्तच बोललो, त्यांना सॉकेट, म्हणजे पायाचा उरलेला भाग जिच्यात बसतो ती वाटी, कशी असते ते टेबलावरचा पेला उलटा धरून दाखवलं.

मग कार्ड. पाण्याजवळची तुमची आवडती जागा. मी ना नदीकाठचा ना समुद्राकाठचा. एक मिनिट संपत आलं तेव्हा मला वर्कशॉपच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आठवली.

त्यांना कमळांचं तळं वगैरे अपेक्षित असणार. मी टाकी सांगितली. दुपारी तिच्या सावलीत आम्ही डबा खातो. ती भरून वाहते तेव्हा कबुतरं येतात. साचे धुतलेलं पाणी पांढरं असतं, त्यामुळे गच्चीवर ढग सांडल्यासारखे डाग आहेत. आणि ती सात वर्षांची मुलगी नव्या पायाने तिथल्या थारोळ्यात उडी मारते, कारण तिला बघायचं असतं, या पायाने पाणी किती उंच उडतं. मध्ये एकदा शब्द अडला. "थारोळं" याला इंग्रजीत काय म्हणतात ते सुचेना. तेव्हा मला वाटलं, या चष्मेवाल्या बाई दांडे धरून उभ्या आहेत आणि मी थांबलो तर त्यांचं पाऊल हवेतच राहील. मी म्हणालो, "फरशीवरचं छोटं पाणी," आणि पुढे गेलो. मुलीला दोनदा इंग्रजीतलं "ही", म्हणजे तो, म्हणालो, एकदा टाकीलाही "शी" म्हणालो. जाऊ दे.

आणि मग काय झालं असेल? परीक्षक बाईंनी हात वर केला आणि म्हणाल्या, "थँक यू, दॅट्स इनफ." वहिनी, पुरे! मला! या जन्मात मला पहिल्यांदा कुणीतरी पुरे म्हणालं! मला इतका आनंद झाला की मी त्यांना म्हणालो, "फक्त एक वाक्य राहिलंय," आणि ते पूर्ण केलं.

शेवटी चर्चा असते. त्यांनी विचारलं, माणसांना पाण्याजवळ राहायला का आवडतं? मी म्हणालो, सगळ्यांना आवडतं असं नाही, आणि आमचा चक्क वाद झाला. बाहेर आलो तर घसा कोरडा आणि कानशिलं गरम.

निकाल तीन आठवड्यांनी. काहीही लागो, कालचा दिवस माझा.

तुमचा


४ जून

भावजी,

तीन आठवडे होत आले. इथे मी "फलाट दोनवरील निकाल" असं माईकवर म्हणून गेले आणि अख्खं स्थानक हसलं. दादा रोज पोस्टमनच्या वाटेवर जाऊन उभे राहतात, त्याला वाटतंय यांचं काही जप्तीचं पत्र येणार आहे. मी म्हटलं, निकाल कॉम्प्युटरवर येतो, फोनवर कळेल. तर म्हणाले, "तो फोनवर 'हं' म्हणेल. मला लिहिलेलं हवं."

लवकर कळवा. माझ्या हाताखालच्या बस चुकायला लागल्या आहेत.

तुमची वहिनी


९ जून

वहिनी,

तुम्ही माईकवर होतात म्हणून फोन दादाने घेतला. त्याने तुम्हाला सांगितलं असेलच, पण लिहिलेलं हवं म्हणून लिहितो. ऐकणं आठ, वाचन साडेसात, लेखन सात, बोलणं सात. सप्टेंबरच्या एक तारखेला तिकडे हजर व्हायचं आहे. जायच्या आधी महिनाभर रजा काढून तुमच्याकडे येतो.

फोनवर काय झालं ते मात्र त्याने सांगितलं नसेल. मी म्हणालो, "दादा, सात पडले." पलीकडून काहीच नाही. मी म्हणालो, "दादा?" तरी काही नाही. नुसता श्वास. पूर्वीचा मी असतो तर दोघंही गप्प राहिलो असतो. मग मीच बोललो. म्हटलं, तुला आनंद झालाय, आणि भीतीही वाटतेय, आणि तुला विचारायचंय की तिकडे जेवणाचं काय. तिकडे केंद्रातच जेवण आहे. थंडी असते, दोन स्वेटर घेतोय. दर रविवारी फोन करीन आणि निदान दहा मिनिटं बोलेन. बरोबर ओळखलं का? तर तो म्हणाला, "हं."

बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग आता माझा सराव कोण घेणार?" मी म्हणालो, तुम्हाला सरावाची गरज राहिलेली नाही. गेल्या आठवड्यात त्या दांडे सोडून काठीवर आल्या. जिना उतरतात. फाटकापर्यंत जाऊन येतात आणि चौकीदाराला इंग्रजी शिकवतात.

फाटकाबाहेरचा रस्ता त्यांनी अजून एकदाही पायांनी ओलांडलेला नाही. पलीकडे टपालपेटी आहे. मी हे पत्र लिहायला बसलो तेव्हा त्यांनी विचारलं, "कुणाला?" मी म्हणालो, "तुम्हाला मागणी घालणाऱ्या वहिनींना." त्या म्हणाल्या, "मग ते मी टाकणार. माझ्या हाताने." मी सोबत येतो, रस्त्यात बोलत राहतो म्हटलं, तर म्हणाल्या, "सोबत या. पण बोलायचं नाही. मला गाड्यांचे आवाज ऐकायचेत."

आता त्या दारात उभ्या आहेत. उजव्या हातात काठी, डावा हात पत्रासाठी पुढे. पेटी चारला उघडतात आणि पावणेचार झालेत. थांबतो.